गुलाबला बोट लागली

"बाई, ह्यो पाईप हयसरच संपता," बाबी कुबल इंजिनावर ओणवा होऊन म्हणाला. "हेच्या फुडे रबर."

त्याच्या हातात स्टीलची हातभर नळी होती, चुण्याचुण्यांची, हवी तशी वाकणारी. दुसरा पाईप त्याने बाकावर टाकला होता. तो काळा, मनगटाहून जाड, रबराच्या आत तारेचं वेटोळं असलेला, आणि वाकायचं नाव घेत नव्हता. मी दोन्हींकडे पाहिलं आणि मग माझ्या कपाटाकडे पाहिलं.

कपाटाचं आधी सांगायला हवं. आमच्या ह्यांनी, म्हणजे मालवणात दातांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर मुकुंद प्रभुदेसायांनी, पन्नाशीला टेकल्यावर शिडाची बोट बांधून घेतली. तीस फुटांची, खाली दोन बाकांची खोली, आणि वारा पडला तर असावं म्हणून पायऱ्यांखाली एक छोटं डिझेल इंजिन. नाव ठेवलं 'टिटवी'. या सगळ्या खटाटोपात माझं म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे खालच्या खोलीतलं स्वयंपाकाचं कपाट. सागवानी, डब्यांच्या मापाच्या कप्प्यांचं. सुताराच्या डोक्यावर बसून मी ते करून घेतलं होतं. इंजिनाचा धूर बाहेर नेणारा पाईप त्याच कपाटामागून बोटीच्या मागच्या टोकाला न्यायचा होता. रबरी पाईपाला मोठं वळण लागतं, म्हणून बाबी माझ्या कपाटाचा कोपरा कापायला निघाला होता.

"कापायचं नाही," मी म्हटलं. "ही स्टीलचीच नळी न्या ना शेवटपर्यंत. किती छान वाकते!"

"नाय बाई. हयसर बघा." त्याने काळ्या बोटाने एक जोड दाखवला. "हयसर समुद्राचा पाणी धुरात मिसळता. म्हणान धूर थंड व्हता. पाणी मिसळूच्या आदी स्टील चलता. मिसळल्यावर नाय. खारा पाणी, त्यात गरम. स्टील खाऊन टाकतला."

"खाईल कसं? स्टेनलेस आहे ते!"

बाबी हातातली नळी पुसायला लागला. मालवण बंदरात त्याच्याइतका इंजिनांचा जाणकार दुसरा नव्हता. पण मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होते, त्याची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली होती, आणि शाळेतल्या बाईंशी वाद घालायची त्याला सवय नव्हती. मी त्याला 'स्टेनलेस' या शब्दाचा अर्थ सांगितला. क्रोमियमचा थर सांगितला. तेवढ्याने भागेना म्हणून घरचा दाखला दिला. "माझ्या लग्नातलं स्टीलचं पिंप आहे, नाव घातलेलं. चोवीस वर्षं त्यात पाणी भरतेय. एक डाग नाही."

"ता गोड्या पाण्याचा पिंप, बाई," बाबी हळूच म्हणाला.

वरून हसू ऐकू आलं. पायऱ्यांवर गुलाब बसली होती. गुलाब बाबीची बायको आणि माझी मैत्रीण. बाजारात मासे विकायची आणि संध्याकाळी माझ्या ओटीवर येऊन सगळ्या गावाची टिंगल करायची. ती देवगडजवळच्या तारामुंबरीची. बाप मोठा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. लहानपणापासून बापाबरोबर समुद्रावर गेलेली, तेव्हा मालवणातल्या भल्याभल्या खलाशांना ती समुद्राच्या गोष्टी ऐकवायची आणि ते ऐकून घ्यायचे.

"कपाटाक हात लावशीत तर बघ," ती नवऱ्याला म्हणाली. "बाईंनी किती हौसेन केल्यानी. तुका कापूकच बरा येता."

दोघींपुढे बाबीचं काही चाललं नाही. "बरां," तो म्हणाला. "पण दर म्हयन्याक काढून बघूक व्हया."

"बघू की," मी म्हटलं. नळी बघायची तर अख्खं कपाट उचकटावं लागणार हे मला दिसत होतं. पण माझा कोपरा वाचला होता, बाकी गोष्टींचा विचार मी केला नाही.

हे अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत झालं. मेपर्यंत टिटवी मजेत चालली, पावसाळ्यात किनाऱ्यावर झावळ्यांच्या झापांखाली विसावली, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात गेली. कपाट कुणी उचकटलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही तिघं देवगडला निघालो. हे सुकाणूवर, मी आणि गुलाब. गुलाबला माहेरी भावाकडे उतरायचं होतं. बाबीच्या हातात एका ट्रॉलरचं काम होतं, तो दुसऱ्या दिवशी एस्टीने यायचा होता. सकाळी वारा छान होता. गुलाब मला किनाऱ्यावरचे डोंगर दाखवत होती, प्रत्येकाचं खलाशांनी ठेवलेलं नाव सांगत होती. दहाच्या सुमाराला वारा एकदम पडला. शीड लोंबायला लागलं. ह्यांनी ते गुंडाळून इंजिन लावलं.

"तुमी बसा, बाई," गुलाब म्हणाली. "सुंगटाची कढी करतंय. तुमच्या कपाटातला मीठ-मिरची माका गावता."

ती खाली गेली. थोड्या वेळाने कोळंबीचा आणि वाटणाचा वास वर यायला लागला. समुद्र इतका सपाट होता की ताटातला भात हलला नसता. आम्ही दोघं गप्पा मारत बसलो. आयुष्यात फार कमी वेळा मी इतकी खूश होते, हे मला मुद्दाम लिहायचं आहे.

तासाभराने गुलाब वर आली. कठड्याला धरून आली, तेव्हाच काहीतरी वेगळं वाटायला हवं होतं. ती आमच्याशी न बोलता कडेला गेली, वाकली आणि भडाभडा ओकली.

आम्ही हसलो. दोघंही. आधी हे हसले, मग मी.

"तारामुंबरीच्या तांडेलाची लेक," हे म्हणाले, "आणि बोट लागली!"

"नाय ओ, डाक्टर." तिने पदराने तोंड पुसलं. "माका कदी बोट लागली नाय. उमेशच्या येळेक पोटात नववो म्हयनो, तरी होडयेत होतंय. डोक्या फुटता माझा."

"तेच ते," हे म्हणाले. "आधी डोकं, मग पोट. बोट लागणं म्हणतात त्याला."

"थांब, उद्या सगळ्या बंदराला सांगते," मी म्हटलं. "मासे घ्यायला आलेल्या प्रत्येकाला सांगते. गुलाबला बोट लागली!"

एरवी तिने मला दोन सणसणीत शब्द परत केले असते. ती नुसती कानकोंडी होऊन बसली. एखादं मूल वर्गात चड्डी ओली झाल्यावर बसतं तशी. मला तिची कीव आली, आणि मला कीव आली की मी हुकूम सोडायला लागते.

"खाली जा आणि बाकावर आडवी हो."

"नको, बाई. हयसरच बसतंय. वारो बरो वाटता."

"कसला वारा? ऊन आहे नुसतं. डोकं आणखी चढेल."

"खाली नको."

"गुलाब," मी वर्गातल्या आवाजात म्हटलं, "खाली."

ती उठली. पायऱ्या उतरताना तिचा पाय चुकला, मी दंड धरला. तिला बाकावर निजवलं, डोक्याखाली उशी दिली, पायांवर माझी शाल घातली. उजेडाने त्रास होऊ नये म्हणून खिडकीचा पडदा ओढला. वर आल्यावर पायऱ्यांवरचं सरकतं झाकण अर्ध्याच्या पुढे लोटून घेतलं. तिला झोप लागावी म्हणून. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं.

अर्ध्या-पाऊण तासाने तिच्यासाठी आल्यालिंबाचं सरबत करावं म्हणून मी उतरले. आत उकडत होतं. कढीचा वास, डिझेलचा वास. गुलाब भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी लिंबू कापायला घेतलं आणि सुरी लिंबावरून घसरली. पुन्हा धरली, पुन्हा घसरली. कपाळाच्या दोन्ही बाजूंना ठोके पडायला लागले. घ्या, मला वाटलं, मलाही बोट लागली, आता गुलाब सूड उगवणार. आणि मला हसू आलं.

पडदा सरकवून मी बाहेर पाहिलं. नजर एका ठिकाणी लावली की मळमळ थांबते, म्हणून. समुद्र तेलासारखा पडून होता. एक लाट नव्हती. मी बघत राहिले, आणि माझ्या सुस्त डोक्यात फार हळूहळू एक प्रश्न आला. हलतच नसलेली बोट लागते कशी?

"गुलाब," मी म्हटलं. "गुलाब, ऊठ."

मी तिला माझ्याकडे वळवलं. तिचा हात बाकावरून खाली पडला आणि तसाच लोंबत राहिला. ती घोरत होती, पण ते घोरणं झोपेतलं नव्हतं. परकरातून बाकाची गादी ओली झाली होती.

त्या क्षणी मला काय आठवलं ते सांगते. नववीचं पुस्तक. 'कार्बन मोनॉक्साईड हा रंगहीन, गंधहीन व अत्यंत विषारी वायू आहे. डोकेदुखी, मळमळ, ग्लानी.' हे वाक्य मी दरवर्षी मुलांना दोनदा सांगायचे, परीक्षेला हमखास येतं म्हणून. मी कपाटाचं दार उघडलं, डबे भराभर खाली पाडले, मागच्या फळीला हात लावला. फळी गरम होती आणि ओली होती. हात बाहेर काढला तर काजळी मिसळलेलं काळं पाणी मनगटापर्यंत ओघळलं.

मी किंचाळले. शब्द नव्हता त्यात काही.

ह्यांनी इंजिन बंद केलं आणि झाकण लोटून खाली उडी टाकली. दोघांनी मिळून तिला ओढलं, फरफटत, पायऱ्यांवर आपटत वर काढलं. तिची चोळी खांद्यावर फाटली. वर आणून आडवं केलं तर घोरणंही थांबलं होतं. हे गुडघ्यांवर बसले आणि तिच्या तोंडाला तोंड लावून हवा भरायला लागले. आयुष्यभर लोकांच्या दातांकडे बघत आलेला माणूस. मधेमधे तोंड वर करून ओरडत होते, "घे! श्वास घे, गुलाब!" इंजिन बंद झाल्यावर समुद्रावर इतकी शांतता पडली होती की त्यांचं हुंदके देणं मला स्वच्छ ऐकू येत होतं. मी शेजारी उभी होते. मी तिच्या पावलांवर शाल पुन्हापुन्हा नीट करत होते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तिच्या छातीतून एक खरखर आली. मग दुसरी.

हे उठून इंजिनाकडे वळले. मी त्यांचा शर्ट धरला. "ते लावू नका! ते लावायचं नाही!"

"मग काय वल्ही मारत न्यायची देवगडला?" ते माझ्यावर ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदाच. "वर उघड्यावर काही होणार नाही. तिला पुढे ने, वाऱ्यावर ने."

ज्या इंजिनाने तिला मारत आणलं होतं त्यावरच आम्ही तिला देवगडला नेलं. तासभर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिचे श्वास मोजत होते. दोन श्वासांमधे जास्त वेळ गेला की माझाही अडकायचा.

देवगडला दवाखान्यात ऑक्सिजन लावला. ह्यांनी तिथल्या डॉक्टरांना सगळं इंग्रजीत सांगितलं, त्यांनी ते इंग्रजीतच कागदावर उतरवलं. मालवणला फोन गेला. दुपारी तीनला बाबी कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आला. बायकोच्या खाटेजवळ उभा राहिला, तिच्या कपाळाला हात लावला, मला एकच प्रश्न विचारला, "टिटवी खंय आसा?" आणि गेला.

तासाभराने परत आला तेव्हा त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. व्हरांड्यात माझ्यासमोर त्याने फडकं उलगडलं. ती नळी होती. वरून अजून चकचकीत. त्याने ती उलटी केली. खालच्या बाजूला, प्रत्येक चुणीच्या खाचेत, मोहरीएवढी भोकं होती. ओळीने. त्याने एका टोकाला पकडून नळी उजेडात धरली तर भोकांतून उजेड दिसला.

मी वाट बघत होते की आता तो म्हणेल, मी सांगितलं होतं. मला ते ऐकायचं होतं. त्याने ओरडावं, ती नळी माझ्या अंगावर फेकावी, काहीही करावं.

"चूक माझी," बाबी म्हणाला. "तुमका काय ठावक, बाई? माका ठावक होता. आनी मी बसवलंय. माझ्या हातान."

नाही, बाबी, चूक माझी, एवढंच म्हणायचं होतं. चोवीस वर्षं वर्गात बोलत आलेली मी. माझं तोंड उघडलं नाही.

आतून नर्सने हाक मारली. आम्ही दोघं धावलो. गुलाबने डोळे उघडले होते. ती छताकडे बघत होती, मग हळूहळू माझ्याकडे बघायला लागली. नाकावरचा मास्क तिने बोटाने बाजूला केला. मी कान जवळ नेला.

"बाई," ती म्हणाली, "कोणाक सांगू नकात."

"काय ग?"

"माका बोट लागली ता." तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी आलं. "बंदरात सांगू नकात. लोक हसतले. माझो बापूस तांडेल होतो."

मी मान वर केली. खाटेच्या पायथ्याशी बाबी उभा होता. त्याने ऐकलं होतं. त्याने हातातली नळी हळूच पाठीमागे नेली.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ठरवलं काहीच नाही. तरी ठरलं.

"नाही सांगणार," मी गुलाबला म्हटलं.

टिटवी आम्ही त्याच हिवाळ्यात दूर वेंगुर्ल्याच्या पलीकडे विकून टाकली. हे मला दोनदा म्हणाले, "तिला खरं काय ते सांगायला हवं." मी म्हटलं, बाबीचं नाव खराब होईल, त्याच्याकडे कोण इंजिन देईल? बाबीच्या नावाची मला खरोखरच काळजी होती. पण त्या काळजीच्या आड मी स्वतः उभी होते. बाबीनेही कधी तोंड उघडलं नाही.

गुलाब बरी झाली. बाजारात बसायला लागली, माझ्या ओटीवर यायला लागली. फक्त होडीत चढली नाही. आधी कंबर दुखते म्हणाली, मग वेळ नाही म्हणाली. माहेरी जायची ती एस्टीने, वळणावळणांच्या रस्त्याने तीन तास. एकदा कुणी फारच आग्रह केला तेव्हा म्हणाली, "समुद्रान माका सोडल्यान." आणि मासे मोजायला लागली. मी शेजारीच होते. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती.

गेल्या वर्षी तिच्या उमेशने नवी होडी घेतली. बाबीला जाऊन चार वर्षं झाली होती, आमच्या ह्यांना सहा. होडीला हार घातले, नारळ वाढवला, आणि उमेशची इच्छा की पहिली आईने चढावं. तो गुडघाभर पाण्यात उभा राहून हाका मारत होता. गुलाब ओल्या वाळूत पाय रोवून उभी होती, माझा हात धरून.

"नको रे," ती म्हणत होती. "माका वकारी इली तर? तुझ्या नव्या होडयेत? लोक हसतले."

सदुसष्ट वर्षांची बाई. पंचवीस वर्षं मी हे निभावलं होतं, आणखी एक मिनिट मला निभावेना.

"गुलाब," मी म्हटलं, "तुला बोट लागलीच नव्हती."

मग सगळं सांगितलं. धूर, नळी, कपाट. कपाटाला हात लावू नको असं तीही म्हणाली होती, ते मी काढलं नाही. ती समुद्राकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे माका बोट नाय लागली?"

"नाही. कधीच नाही."

"पंचवीस वर्सां," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाबीक ठावक होता?"

तिच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेली भीती होती. खाटेवर मरणातून परत आली तेव्हाही ती अशी भ्यालेली नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "त्याने रबरीच बसवायचा म्हटलं होतं, मी ऐकलं नाही. नंतर आम्ही त्याला बोट पाहूच दिली नाही. त्याला शेवटपर्यंत काही कळलं नाही."

"तुमका एकट्यांकच ठावक होता."

"हो."

तिने माझ्या हातातून हात काढून घेतला. लुगडं वर खोचलं आणि पाण्यात शिरली. उमेशने हात पुढे केला, तो तिने धरला नाही. एकटीच चढली. होडी खाडीच्या तोंडाबाहेर गेली, किल्ल्याला वळसा घालून तासाभराने परत आली. गुलाब उतरली, माझ्यासमोरून गेली.

आता बाजारात आम्ही समोरासमोर आलो की मी "गुलाब" म्हणते. ती थांबत नाही.